मुलांच्या हातीं मोबाइल : शिकवावयाचें काय व कसें

शेतकीच्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, पाटाचें पाणी व बाजारभाव यांची चर्चा व्हावी हें योग्यच आहे. अशा ठिकाणीं शाळकरी मुलांच्या मोबाइलचा विषय आम्ही कां काढीत आहों, असें कित्येक वाचकांस प्रथम वाटेल. त्यांस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यांनीं क्षणभर आपल्याच घराकडे पाहावें. बांधावर उभें राहून ई-पीक पाहणीच्या ॲपवर पिकाचा फोटो कोण काढतें? सातबाऱ्याचा उतारा मोबाइलवर कोण उतरवून घेतें? सन्मान निधीचा हप्ता जमा झाला कीं नाहीं, हें कोण पाहून सांगतें? आडत्याकडून आलेले पैसे, खतवाल्यास द्यावयाचे पैसे, हा व्यवहार कोणाच्या बोटांनीं होतो? पुष्कळ घरीं याचें उत्तर एकच मिळेल, तें म्हणजे सहावी, सातवी किंवा आठवींत शिकणारा मुलगा अथवा मुलगी. ज्या मुलाच्या हातीं आपण अजून भरल्या गाडीचा कासरा देत नाहीं, त्याच्या हातीं सबंध वर्षाच्या कमाईची किल्ली देऊन आपण स्वस्थ बसलों आहों. ती किल्ली कशी सांभाळावी हें मात्र त्यास कोणी शिकविलेलें नाहीं. म्हणून हा विषय शेतकऱ्याचाच आहे, असें आम्ही समजतों.

कोरा कागद आणि निशाणी

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां जी तक्रार आम्हीं वारंवार ऐकली ती ही कीं, "रावसाहेब, मी विश्वासानं अंगठा केला, कागदावर काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही." हें दुःख आजचें नव्हे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकून घेऊन जाळले, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील इतर गांवीं पसरलें. त्या दंग्यांस दुसरींही कारणें होतीं. तथापि ज्या कागदांवर शेतकरी सहीऐवजीं नांगराची निशाणी करीत, ते त्यांस वाचतां येत नव्हते, ही गोष्ट त्या साऱ्या संकटाच्या मुळाशीं होती. पुढें १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांकरितां कायदा केला, त्यांत शेतकऱ्याचे दस्त गांव-रजिस्ट्रारासमोर व्हावे अशी तजवीज ठेवावी लागली.

आज आपण सही करतों, वाचतों, लिहितों. परंतु मोबाइलवर येणारा ओटीपी, यूपीआयचा पिन, आणि "परवानगी द्या" असें विचारणारी चौकट हे सारे आजचे अंगठेच होत. जो ते देतो त्यानें कागद मान्य केला, असेंच धरलें जातें. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत असें ठरविलें होतें कीं, ग्राहकाची व बँकेची दोघांचीही चूक नसतां तिसऱ्यानेंच पैसे काढले, आणि ग्राहकानें कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आंत बँकेस कळविलें, तर त्याचा भार ग्राहकावर नाहीं. परंतु ग्राहकानें निष्काळजीपणानें आपला गुप्त आंकडा दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंत झालेलें नुकसान ग्राहकाचेंच. आणि शेतकऱ्याच्या घरचा हा अंगठा आज मुलाच्या हातीं आहे.

आमच्याच घरची गोष्ट

लोकांस उपदेश करण्यापूर्वीं आमच्याच घरीं काय झालें तें सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. आमचे धाकटे बंधु शेती पाहतात. त्यांस मोबाइलवरचीं बारीक अक्षरें दिसत नाहींत. तेव्हां, "पिन नातवाला सांगून ठेव, तो सर्व करील," हा सल्ला त्यांस आम्हींच दिला. मुलगा सातवींत, हुशार. वर्षभर त्यानें सर्व काम चोख केलें. एका शुक्रवारीं सायंकाळीं गांवच्या व्हॉट्सॲप गटांत सन्मान निधीची नवी यादी म्हणून एक फाइल आली. पाठविणारा गांवचाच, ओळखीचा. त्याच्या मोबाइलमध्यें हीच कीड आधीं शिरली होती व ती फाइल त्याच्या नकळत सर्वांस गेली, हें मागाहून कळलें. आजोबांचें नांव यादींत आहे कीं नाहीं हें पाहावें म्हणून मुलानें ती उघडली. मोबाइलनें विचारलेल्या प्रत्येक चौकटीस त्यानें "होय" म्हटलें, आणि पुढें आलेल्या पानावर खातें, कार्ड व पिन यांचे आंकडे भरले. त्या रात्रीं सोयाबीनच्या पट्टीच्या पैशांपैकीं ६१,००० रुपये तीन खेपांत खात्यांतून गेले.

पैसे गेल्याचें मुलास त्याच रात्रीं कळलें होतें, कारण बँकेचे संदेश त्यानें पाहिले. पण तो बोलला नाहीं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारीं बंधु हरभऱ्याच्या बियाण्याकरितां पैसे काढावयास बँकेंत गेले, तेव्हां सर्व उघडकीस आलें. घरीं येऊन विचारतां मुलगा खांबाआड उभा राहून रडूं लागला. "आबा, मला त्याच रात्री कळलं होतं, पण मागं काच फुटली तेव्हा मार बसला होता, म्हणून बोललो नाही," असें तो आम्हांस म्हणाला. खरोखरच, श्रावणांत मोबाइलची काच फुटली म्हणून त्यास दोन थपडा मिळाल्या होत्या. बँकेंतील गृहस्थांनीं सांगितलें कीं, त्याच रात्रीं १९३० या क्रमांकावर कळविलें असतें, तर कदाचित् कांहीं रक्कम वाटेंत अडवितां आली असती. दोन दिवसांनीं एक रुपयाही हातीं लागला नाहीं.

या गोष्टीचा आम्हीं पुष्कळ विचार केला. यादी उघडली ही चूक अज्ञानाची. तें अज्ञान दूर करणें आमचें काम होतें. दोन दिवस लपविलें ही चूक धाकाची. तो धाकही आम्हीं मोठ्यांनींच घातलेला. मुलाच्या वांट्यास फारशी चूक उरत नाहीं. या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचा गाभा हाच होय. मुलास शिकवावयाचा पहिला धडा मोबाइलचा नव्हेच. "चूक झाली तर तात्काळ घरांत सांग, तुला मार बसणार नाहीं," हा तो पहिला धडा होय, आणि तो मुलाच्या आधीं वडिलांनीं शिकावयाचा आहे.

देशांतील स्थिति

आमच्या घरीं घडलें तें एका घरापुरतेंच आहे, असें कोणी समजूं नये. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' नांवाच्या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल ग्रामीण भागाविषयींच आहे. त्यांत १४ ते १६ वर्षांच्या मुलांस मोबाइलविषयीं प्रश्न विचारले होते. शेंकडा ८२ मुलांनीं स्मार्टफोन वापरतां येतो असें सांगितलें. मागील आठवड्यांत त्यावर अभ्यासाचें कांहीं केलें असें सांगणारीं मुलें शेंकडा ५७ निघालीं, तर समाजमाध्यमें वापरलीं असें सांगणारीं शेंकडा ७६. या समाजमाध्यमें वापरणाऱ्या मुलांपैकीं, त्रास देणाऱ्याचें खातें कसें अडवावें, म्हणजे ब्लॉक करावें, हें शेंकडा ६२ मुलांसच ठाऊक होतें. आपलें खातें परक्यांपासून झांकून कसें ठेवावें, हें तर शेंकडा ५५ मुलांसच. हीं मुलें आमच्या सहावी-सातवीच्या मुलांहून मोठीं. तेव्हां लहानांची स्थिति याहून बरी असेल असें मानण्यास आधार नाहीं.

दुसऱ्या बाजूस, केंद्र सरकारनें संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें २०२४ या एका वर्षांत देशांतील लोकांनीं अशा फसवणुकींत सुमारें २२,८४५ कोटि रुपये गमावले. चोर इतके जागे असतां घरधन्यानें झोंपून कसें चालेल?

बंदी कीं शिक्षण?

हें ऐकून कित्येक पालक म्हणतील, "मग मुलाच्या हातीं मोबाइल देऊंच नये." हा विचार नवा नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्याच्या बांशी गांवानें नोव्हेंबर २०२२ मध्यें १८ वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदी करण्याचा ठराव ग्रामसभेंत केला. ऑस्ट्रेलिया देशानें तर १६ वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवूं न देण्याचा कायदा केला, व तो १० डिसेंबर २०२५ पासून अमलांत आला. या उपायांमागील कळकळ आम्हांस मान्य आहे. परंतु आपल्या घरची अडचण निराळी आहे. सकाळीं आपणच मुलास म्हणावयाचें, "जरा उतारा काढून दे," आणि सायंकाळीं म्हणावयाचें, "मोबाइलला हात लावूं नकोस," हें चालणार कसें?

सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून गांव आहे. तेथें २०२२ सालीं गांवानें ठरविलें कीं, रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा झाला म्हणजे घरोघरचे दूरदर्शनसंच व मोबाइल बंद करावयाचे, आणि दीड तास मुलांनीं अभ्यास करावयाचा. आम्हांस यांत जें विशेष वाटतें तें हें कीं, हा नियम मुलांपुरता केलेला नाहीं. तो सबंध घरास लागू आहे. जो नियम घरांतील कर्ता पाळतो, त्याचा मुलास जाच वाटत नाहीं.

मळ्यांत विहीर आहे म्हणून शेतकरी काय करतो? लहान मूल पडूं नये म्हणून कठडा बांधतो. मूल आठ-दहा वर्षांचें झालें म्हणजे त्याच्या पाठीस सुका भोपळा बांधून त्यास पाण्यांत सोडतो, आणि आपण कांठावर उभा राहतो. पुढें एके दिवशीं भोपळा सुटतो. केवळ कठड्यावर भरंवसा ठेवणाऱ्याचें मूल ज्या दिवशीं कठडा ओलांडील त्या दिवशीं बुडेल. मोबाइलचेंही तसेंच आहे. पांचवीपर्यंत कठडा असावा. सहावी ते आठवी हीं तीन वर्षें भोपळा बांधून शिकविण्याचीं; त्या वेळीं मुलानें मोबाइल वापरावा, पण ओसरीवर, चार माणसांत, आणि मोठें माणूस जवळ असतांना.

काय शिकवावें

या वयाच्या मुलास पुढील सहा गोष्टी पक्क्या समजल्या म्हणजे पुष्कळ झालें, असें आमचें मत आहे.

(१) पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. यूपीआयचा पिन पैसे देतांनाच लागतो. पैसे घ्यावयाचे असल्यास पिन टाकावा लागत नाहीं, दुसऱ्यानें पाठविलेलें क्यूआर चित्र स्कॅन करावें लागत नाहीं, ओटीपीही सांगावा लागत नाहीं. "कांद्याचे पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका," असें म्हणणारा चोर समजावा. हें मुलाकडून पाढ्याप्रमाणें पाठ करून घ्यावें. वडिलांनींही एक काळजी घ्यावी. आपण सारें धान्य ओसरीवर ठेवीत नाहीं. लागेल तेवढें बाहेर काढून बाकीचें कणगींत ठेवतों. त्याप्रमाणें पीककर्जाचें व पट्टीचें खातें निराळें ठेवावें, आणि मोबाइलला जोडलेल्या खात्यांत किराणा-खतापुरतीच रक्कम असावी. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस तर २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें मनाईच केली आहे; असा खेळ शिकविणारा मित्र हा मित्र नव्हे, हेंही मुलास सांगावें.

(२) अनोळखी फाइल म्हणजे बिनलेबलाची पिशवी. लेबल नसलेली व पावतीवांचून मिळणारी बियाण्याची पिशवी शहाणा शेतकरी घेत नाहीं. मोबाइलवर जिच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात ती फाइल अशीच होय. मग ती सन्मान निधीच्या नांवानें येवो, पीकविम्याच्या येवो, कीं लग्नपत्रिकेच्या. ती बसविली कीं आपले संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती एकदां दिली म्हणजे ओटीपी तोंडानें सांगावाच लागत नाहीं. चोर तो दूर बसून वाचतो. सरकारी योजनेची माहिती सरकारी स्थळावर किंवा सेवा केंद्रांतच पाहावी. केंद्र व राज्य सरकारच्या स्थळांचे पत्ते बहुधा 'गव्ह डॉट इन' असे संपतात, हें मुलास दाखवून द्यावें. ॲप घेणें तें मोबाइलमधील अधिकृत दुकानांतूनच घ्यावें, आणि तें कोणकोणत्या परवानग्या मागतें हें मुलानें मोठ्यानें वाचून दाखवावें. न वाचतां "होय" दाबणें म्हणजे कोऱ्या कागदावर नांगराची निशाणी करणें होय.

(३) धमकी आली कीं फोन खालीं ठेवावा. पोलिसाचा पोशाख घातलेला मनुष्य व्हिडिओवर दिसतो, "तुमच्या नांवावर गुन्हा आहे, फोन बंद करूं नका, कोणास सांगूं नका," असें दरडावतो व पैसे मागतो. यास लोक 'डिजिटल अटक' म्हणतात. व्हिडिओवर अटक करण्याची अशी कोणतीही रीति कायद्यांत नाहीं. पंतप्रधानांनींही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' भाषणांत हेंच स्पष्ट सांगितलें. "कोणास सांगूं नका" हे शब्द ऐकतांच मुलानें आधीं घरांत सांगावें. आतां यंत्राच्या साहाय्यानें नातलगाच्या आवाजाची हुबेहूब नक्कलही करतां येते. याकरितां घरांत एक परवलीचा शब्द ठरवावा. एकाद्या जुन्या बैलाचें नांवही चालेल. "अपघात झाला, पैसे पाठव," असा फोन आल्यास तो शब्द विचारावा.

(४) लिहिलेलें पुसलें जात नाहीं. सातबाऱ्यावरील नांव कमी होतें तेव्हां त्यास कंस होतो. तें खोडून नाहींसें करीत नाहींत. पन्नास वर्षांनींही कोणी जुने फेरफार काढून पाहिले तर सर्व इतिहास दिसतो. मोबाइलवर टाकलेल्या फोटोचें व शब्दाचेंही तसेंच आहे. आपण तो काढून टाकला तरी तोंपर्यंत दुसऱ्यानें उतरवून घेतलेला असतो, आणि तेथें कंसही होत नाहीं. म्हणून मुलानें आपल्या नांवासह शाळेचें नांव, घरचा पत्ता, फोन क्रमांक, गणवेशांतील फोटो हें सर्व एकत्र कोठेंही टाकूं नये. इन्स्टाग्रामच्या नियमांप्रमाणेंच १३ वर्षांखालील मुलास खातें उघडतां येत नाहीं. खोटें वय लिहून तें उघडून देणारे बहुधा घरचेच असतात, हें आम्ही खेदानें नमूद करतों. २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकाची संमति लागावी हें तत्त्व आलें आहे. ती संमति देण्याचीही एक चौकटच असणार. पालकच न वाचतां "होय" दाबतील, तर कायदा करून काय उपयोग?

(५) खात्री केल्यावांचून पुढें पाठवूं नये. वारसाची नोंद करावयाची झाली तर तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ती फेरफारांत धरतात, नोटीस काढतात, हरकतीस १५ दिवसांची मुदत ठेवतात, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. एका एकराच्या नोंदीस एवढी चौकशी. आणि माणसाच्या जिवावर बेतणारी बातमी आपण एका बोटानें शंभर घरीं पोंचवितों. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गांवीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें पांच जणांस ठार मारलें. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, आणि बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें भागांतले होते. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. परंतु खरी मर्यादा मनांत असावी लागते. मुलास तीन प्रश्न शिकवावे: हें कोणीं प्रथम सांगितलें? केव्हांचें आहे? खोटें निघालें तर कोणाचें नुकसान होईल? उत्तर मिळेपर्यंत संदेश आपल्याशींच राहूं द्यावा. चांगला नागरिक म्हणजे केवळ स्वतः न फसणारा नव्हे. आपल्या हातून दुसरा न फसावा, न दुखावला जावा, हें पाहणाराही तोच.

(६) दुसऱ्याची अब्रू ती आपली अब्रू. वर्गांतील मुलाच्या जातीवरून, रंगावरून, फाटक्या कपड्यांवरून केलेली थट्टा पूर्वीं घंटा झाली कीं संपत असे. आतां ती मोबाइलमधून त्याच्या घरीं जाते व रात्रभर त्याच्या उशाशीं राहते. कोणाचा फोटो त्यास न विचारतां काढूं नये, काढलेला बिघडवूं नये, आणि दुसऱ्यानें बिघडविलेला आपण पुढें ढकलूं नये. येथें मुलींविषयीं दोन शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. एकाद्या मुलीचा फोटो कोणी बिघडवून फिरविला किंवा तिला धमकावलें, तर घरचीं माणसें प्रथम तिचा मोबाइल काढून घेतात आणि मग तिची शाळा बंद करतात. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा मुलीस. हें एकदां पाहिलेली दुसरी मुलगी आपल्यावर प्रसंग आला असतां कधींही घरीं सांगणार नाहीं, आणि धमकी देणाऱ्यास नेमकें हेंच पाहिजे असतें. कायदा मुलीच्या बाजूस आहे. १८ वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि मुलांचीं अश्लील चित्रें करणें वा पसरविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखालीं गुन्हा आहे. मुलगी निर्भयपणें बोलेल एवढें घर मात्र आपणच केलें पाहिजे.

शाळेनें व गांवानें काय करावें

हें सर्व एका भाषणांत सांगून मुलांच्या लक्षांत राहणार नाहीं. शाळेनें सहावी ते आठवीच्या वर्गांस पंधरवड्यांतून एक तास याकरितां द्यावा. एका मुलानें चोर व्हावें, दुसऱ्यानें शेतकरी व्हावें, आणि पाठीस पाठ लावून फोनवरील संभाषण करून दाखवावें. वर्गानें कोठें फसगत झाली तें ओळखावें. अशा खेळांत मुलें जें शिकतात तें फळ्यावरून शिकत नाहींत. केंद्रीय गृह मंत्रालयानें २०१८ सालीं विद्यार्थ्यांकरितां सायबर सुरक्षेची पुस्तिका काढली आहे. शिक्षकांस तिचा आधार घेतां येईल.

मुलानें शाळेंत शिकलेला धडा घरीं आजी-आजोबांस शिकवावा व त्यांच्या तोंडून ऐकून घ्यावा, हा गृहपाठ असावा. जें दुसऱ्यास शिकवितां येतें तेंच आपणांस आलें, असें जुने पंतोजी म्हणत. यांत घरांतील वृद्धांचेंही रक्षण होतें, आणि मुलासही आपल्यावर विश्वास टाकला आहे असें वाटून तें जबाबदारीनें वागूं लागतें. चावडी, दूध डेअरी व सोसायटीचें कार्यालय येथें १९३० हा क्रमांक ठळक अक्षरांनीं लिहून ठेवावा. आपल्या संघाच्या सभासदांनीं पुढील सभेंत हा ठराव आणल्यास खर्च केवळ रंगाच्या डब्याचा आहे.

चूक झालीच तर

पैसे गेल्याचें कळतांच पुढील क्रमानें वागावें. मोबाइलचें इंटरनेट प्रथम बंद करावें. दुसऱ्या फोनवरून १९३० क्रमांकास कळवावें व बँकेस सांगून खातें आणि कार्ड थांबवावें. चोर पैसे एका खात्यांतून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यांत फिरवून शेवटीं रोख काढतो. ते रोख होण्यापूर्वीं निरोप पोंचला, तर वाटेंतील बँक ती रक्कम अडवून ठेवूं शकते. म्हणून येथें दिवस मोजावयाचे नसून मिनिटें मोजावयाचीं असतात. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यांत लेखी तक्रार द्यावी. बँकेचे संदेश, फोन क्रमांक व फाइल हीं पुराव्याकरितां जपावीं. भीतीनें पुसूं नयेत. स्त्रिया व मुलें यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार त्या पोर्टलवर नांव न देतांही करतां येते. संकटांत सांपडलेल्या मुलास स्वतः मदत मागावयाची असल्यास १०९८ हा क्रमांक आहे. तो प्रत्येक मुलास पाठ असावा.

आमच्या बंधूंच्या घरीं आतां पिन बदलला आहे व तो मुलाजवळ नाहीं. पिन टाकावयाच्या वेळीं आजोबा चष्मा लावून स्वतः टाकतात. पट्टीचें खातें मोबाइलपासून तोडलें आहे. बाकीचें काम मुलगाच करतो. तें त्याच्याकडून काढून घेऊं नये, असा आम्हीं आग्रह धरला. गेल्या महिन्यांत पीकविम्याच्या नांवानें पुन्हां तशीच एक फाइल आली. मुलगा मोबाइल घेऊन धांवत गोठ्यांत आला आणि म्हणाला, "आजोबा, हे बघा, उघडलं नाही." बंधूंनीं त्याच्या पाठीवरून हात फिरविला. गेलेले ६१,००० रुपये परत आले नाहींत; परंतु घरांत जी वाट बंद झाली होती ती मोकळी झाली, हें कांहीं थोडें नाहीं.

वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. हा अंक वाचून बाजूस ठेवण्यापूर्वीं आपल्या मुलास किंवा नातीस जवळ बोलवावें. १९३० व १०९८ हे दोन क्रमांक तिच्याच हस्ताक्षरांत दाराच्या मागें लिहून घ्यावे. आणि मग तिला सांगावें कीं, मोबाइलवर तुझ्या हातून कांहींही चुकलें, तरी आधीं आम्हांस सांग. आम्ही रागावणार नाहीं. असें सांगून तें पाळावें.